शोधाचा हिशेब



साखर कारखान्यांचे हंगाम आटोपले आहेत, चिमण्या थंड झाल्या आहेत आणि ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आहेत. अशा वेळी उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, काही ऐकावे, काही विचारावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे त्या रोपाची कलमे महाराष्ट्रात ठिकठिकाणी लागली. अकलूजच्या श्रोत्यांपुढे उभे राहण्याची संधी आम्हांला दिलीत, याबद्दल चालकांचे आभार मानतो आणि विषयाकडे वळतो.

बाहेरच्या फळ्यावर विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. विषय शास्त्रीय संशोधनाचा, आणि बोलणारा कोण, तर कामगार संघटनेचा कार्यकर्ता! आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. पुढचे झाले ते वाचनालयात. कारखान्यातली पाळी संपली, की वाचनाची पाळी सुरू. तेव्हा शास्त्रज्ञांच्या विद्वत्तेवर निकाल देण्याचा अधिकार आम्ही मागत नाही. पण हिशेब तपासण्याची सवय आम्हांला तीस वर्षांची आहे. हजेरीचे मस्टर, वजनकाट्याची पावती, मुकादमाच्या वहीतली उचल, यांत काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, हे पाहण्यातच आमचा जन्म गेला. त्याच नजरेने आज शोधाकडे पाहायचे आहे.

प्रश्न असा आहे. एखादा शास्त्रज्ञ नवा शोधनिबंध प्रसिद्ध करतो. त्या निबंधामागची हकीकत, म्हणजे प्रश्न कसा सुचला, कोण कोण राबले, कोठे अडले, कोठे चुकले, ही त्याने लोकांना सांगावी की नाही? अलीकडे पुष्कळ संशोधक ती सांगू लागले आहेत आणि लोक ती आवडीने ऐकतात. आमचे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. ही हकीकत म्हणजे फावल्या वेळची करमणूक नव्हे. ते संशोधकाच्या अंगावरचे देणे आहे, आणि ते मागण्याचा हक्क तुमचा-आमचा आहे.

आपल्या शिवारातलेच उदाहरण घेऊ. आपल्याकडचा कोणताही बागायतदार ऊस लावताना 'शहाऐंशी शून्य बत्तीस' हा आकडा सहज उच्चारतो. पण तो आकडा आला कोठून? पूर्ण नाव 'को ८६०३२'. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ साली ऊस पैदाशीचे केंद्र निघाले. बार्बर आणि वेंकटरामन या दोघांनी तेथे गोड उसाचा संकर उसाच्याच जातकुळीतल्या एका रानगवताशी केला आणि त्यातून काटक जातींचा वंश सुरू झाला. '८६' म्हणजे १९८६ साल. ते वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत पुढची दहाएक वर्षे गेली, आणि आपल्याकडे त्याला नाव मिळाले ते आपल्याच नदीचे, 'नीरा'. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे काम त्यामागे आहे. किती रोपे लावली, किती उपटून फेकली, कोणी कोणाच्या बांधावर उभे राहून ऊस मोजले आणि रस तपासला, यातले त्या आकड्यात काहीही दिसत नाही. पोत्यातल्या साखरेकडे पाहून तोडणाऱ्याचा कोयता दिसत नाही, तसेच हे आहे.

शोधनिबंधाची भाषाही अशीच असते. 'नमुने गोळा करण्यात आले', 'मोजमाप घेण्यात आले', 'निष्कर्ष काढण्यात आला'. कोणी केले, रात्री केले की दिवसा, पहिल्या खेपेस जमले की दहाव्या, याचा पत्ता नाही. पीटर मेडावार हे इंग्लंडातले नामांकित शास्त्रज्ञ. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९६३ साली रेडिओवर एक भाषण केले आणि शास्त्रीय निबंध ही एक प्रकारची फसवणूक आहे काय, असा प्रश्न उभा केला. निबंधातली माहिती खोटी असते, असा त्यांचा आरोप नव्हता. विचार जसा प्रत्यक्षात चालला, त्याचे खरे चित्र निबंधात उमटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आधी अंदाज, मग धडपड, मग शंका, आणि शेवटी निष्कर्ष असा प्रवास झालेला असतो. निबंधात मात्र जणू रस्ता पहिल्यापासून सरळच होता.

यात निबंधाचाही दोष नाही. दुसऱ्या शास्त्रज्ञाला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता यावा, एवढ्यासाठी तो कोरडा आणि नेमका लिहावा लागतो. पण मग उरलेले सांगायचे कोठे? तेच सांगण्यासाठी दुसरी वही हवी. त्या वहीत आमच्या मते चार रकाने असावेत. एक, प्रश्न कोठून आला. दोन, हात कोणाकोणाचे लागले. तीन, खोट कोठे गेली. आणि चार, उत्तर कोणाकडे परत गेले. हे चार रकाने आता एकेक करून तपासू.

पहिला रकाना प्रश्नाचा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जन्म १९०७ सालचा, गोव्यातल्या कोसबेनचा. मृत्यू १९६६ साली पुण्यात. व्यवसायाने गणिती. आपल्या संशोधनाची वाट कशी वळत गेली, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून न शिकता एखादा प्रश्न सोडवून शिकावे, म्हणून त्यांनी जुनी नाणी वजनाला घेतली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके जुने, जितके अधिक फिरलेले, तितके हलके. मग हजारो नाणी काट्यावर तोलून त्यांचा कालक्रम लावता येईल काय? पडताळा म्हणून त्यांनी चालू व्यवहारातली नाणीही तोलली. पुढे प्रश्न आला, ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ पाहावे लागले, ग्रंथांसाठी संस्कृत हवे झाले, आणि ग्रंथ उलगडण्यासाठी खेड्यापाड्यातली जिवंत माणसे, त्यांची दैवते आणि त्यांच्या वाटा पाहाव्या लागल्या. गणिताच्या टेबलावरून निघालेला माणूस असा डोंगरवाटांवर येऊन पोहोचला.

त्या वाटांतली एक आपल्या अंगणातून जाते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची, दोन्ही पालख्या आपल्या माळशिरस तालुक्यातून पंढरीला जातात आणि तुकोबांच्या पालखीचे रिंगण अकलूजला होते. कोसंबी पालखीच्या वाटेकडे पाहताना पायांखालची जमीनही पाहत. त्यांना अशा वाटांवर अश्मयुगातल्या माणसांची बारीक दगडी हत्यारे सापडली. त्यावरून त्यांनी मांडले, की वारीची वाट ही संतांच्याही फार आधीची असावी; पावसाच्या तोंडावर गुरेमेंढरे घेऊन निघणाऱ्या लोकांच्या फिरस्तीची ती वाट असावी. हा निष्कर्ष तुम्ही माना अथवा न माना. पण तो कसा काढला हे त्यांनी सांगितले आहे, म्हणून वारीत चालणारा साधा माणूससुद्धा खाली वाकून एखादी गारगोटी उचलून पाहू शकतो आणि त्यावर वाद घालू शकतो. नुसता निष्कर्ष सांगितला असता, तर एक तर मान डोलवावी लागली असती, नाही तर भांडण करावे लागले असते. वाट सांगितली की चर्चा करता येते. लोकशाहीत याची किंमत लहान नाही.

आता प्रश्नाच्याच रकान्यात दुसरे नाव घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. गडचिरोलीला जाण्यापूर्वीची त्यांची एक हकीकत आम्ही कामगारांच्या सभांतून अनेकदा सांगितली आहे. रोजगार हमीवरच्या मजुराला तेव्हा दिवसाला चार रुपये मजुरी शिफारशीप्रमाणे मिळत असे. त्या चार रुपयांमागे समितीचा अहवाल होता, आकडेमोड होती. अभय बंग डॉक्टर. त्यांनी तो अहवाल काढून, कष्ट करणाऱ्या शरीराला आणि त्याच्या कुटुंबाला अन्न किती लागते, याचा हिशेब पुन्हा मांडला, आणि मूळच्या आकडेमोडीतल्या खोटी एकेक करून दाखवून दिल्या. पुढे हा दर चारावरून बारा रुपयांवर गेला. श्रोतेहो, या संशोधनाला ना दुर्बीण लागली, ना यंत्र. एक छापील अहवाल, एक पेन्सिल आणि 'हा आकडा आला कोठून?' असे विचारण्याची हिंमत, एवढेच भांडवल. संघटनेच्या कार्यकर्त्याला यापेक्षा मोठा धडा कोणता?

गडचिरोलीत गेल्यावर त्यांनी आदिवासींमध्ये सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे, हे पाहणीने दाखवून दिले. शास्त्राच्या दृष्टीने काम चोख. पण लोकांच्या मनात तो प्रश्नच नव्हता. त्यांची दुखणी निराळी होती. ही गोष्ट डॉक्टरांनी झाकून ठेवली नाही, ती भाषणांतून सांगितली. लोकांवर केलेले संशोधन निराळे, लोकांसाठी केलेले निराळे आणि लोकांना बरोबर घेऊन केलेले निराळे, हा भेद त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडला.

मग राणीबाईंनी बायकांचे ऐकायला सुरुवात केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोगापैकी काही ना काही आजार निघाला, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या आठ. हा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आला. तोपर्यंत खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच होता. उरलेल्या दुखण्यांबद्दल विचारलेच कोणी नव्हते, म्हणून ती नाहीत असे धरले गेले होते. जे विचारले जात नाही ते नोंदले जात नाही, आणि जे नोंदले जात नाही त्याच्यावर पैसा खर्च होत नाही. कामगार चळवळीत हे आम्ही रोज पाहतो.

दुसरा रकाना हातांचा. गडचिरोलीत बालकांच्या न्युमोनियावर जे काम झाले, त्याचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटाला साठाच्या घरात गेला की धोका ओळखावा, हे डॉक्टरांचे गणित. पण डॉक्टर गावात नाही. गावात आहे दाई, ती बहुधा निरक्षर. साठापर्यंत मोजणे तिला जमायचे कसे? तेव्हा मण्यांचे एक साधे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिट कळायला वाळूचे घड्याळ. शेवटचा मणी ठरल्या जागेपुढे सरकला, की औषध सुरू. निबंधात या बाईची ओळख 'प्रशिक्षित सुईण' एवढ्या दोन शब्दांत येते. पण त्या कामातले कितीतरी आकडे तिने कंदिलाच्या उजेडात मणी सरकवून दिलेले आहेत, हे मागची हकीकत ऐकली नाही तर कळत नाही.

नंतरचे काम नवजात बालकांचे. डॉ. बंग सांगतात, की एका संध्याकाळी एक आई आजारी बाळ घेऊन त्यांच्याकडे आली आणि ते बाळ त्यांच्यापुढेच गेले. रात्री ते कारणे मोजत बसले. आईची उपासमार, गरोदरपणातला आजार, अडाणीपणा, वाटेतली नदी, दूरचा दवाखाना. अशी कारणांची साखळी अठरा कड्यांची भरली. सगळ्या कड्या तोडायच्या म्हटल्या तर पिढ्या जातील. पण साखळीची एखादीच कडी तोडली तरी साखळी तुटते, असे त्यांच्या ध्यानात आले. बाळ दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर उपचार बाळाच्या घरी जाऊ दे. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना शिकवून ३९ गावांत हे काम केले आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी धरली. तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ने घटले. हा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच आला, आणि २०११ साली हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत सरकारी कार्यक्रमात आली.

आज आपल्या गावातली आशाताई तान्ह्या बाळाला पाहायला घरी येते, तिच्या पिशवीत वजनकाटा असतो. त्या पिशवीची जन्मकथा ही अशी आहे. आणि आशाताईला मानधन किती, वेळेवर मिळते का, तिला कामगार म्हणावे की स्वयंसेविका, हा प्रश्न आम्ही तेथेच जोडतो. कारण जिच्या हातांवर शोध उभा आहे, ती हकीकतीत नसेल तर पगारपत्रकातही नसते.

आधुनिक काळात तर हातांची मोजदादच राहिलेली नाही. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिळाली, त्यांच्या धक्क्याने उठलेली गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपली. फेब्रुवारी २०१६मध्ये तो निबंध आला तेव्हा त्यावर हजाराहून अधिक नावे होती. त्यांत आपल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेतले शास्त्रज्ञही होते. तेथले प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी पंचवीस वर्षे आधीच, यंत्राच्या गोंगाटातून ही क्षीण लहर वेगळी कशी काढायची, याचे गणित करून ठेवले होते. हे आम्हांला समजले ते कारखान्याच्या भाषेत. मिल चालू असताना घरघरीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पण जुना फिटर त्याच घरघरीतून बेअरिंगची बारीक कुरकूर ओळखतो, कारण ती कशी वाजते हे त्याच्या कानात आधीच बसलेले असते. हेच गणिताने करायचे. आता अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी करायला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. उद्या तिथून निबंध निघतील, तेव्हा त्यात शास्त्रज्ञांची नावे असतील. काँक्रीट ओतणाऱ्याचे आणि जमीन दिलेल्या शेतकऱ्याचे नाव निबंधात मावणार नाही, पण हकीकतीत मावले पाहिजे.

तिसरा रकाना खोटीचा. हा सर्वांत अवघड. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना लस मिळाली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी झाली, ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन कामावरून दूर झाले. वस्तुतः गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. ही बारीक हकीकत बाहेर यायला, तिचा अर्थ लावायला आणि रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकीनांची बाजू मांडायला १९०७ साल उजाडले. पाच वर्षे एक निरपराध माणूस गुन्हेगार म्हणून वावरला.

हे प्रकरण सांगताना पुष्कळजण येथेच थांबतात, की चूक साहेबाची नव्हती, हाताखालच्याची होती. आम्ही थांबत नाही. कारखान्यातला कोणताही अपघात घ्या. शेवटचा ठपका शेवटच्या माणसावर येऊन बसतो. पण त्याला शिकवले कोणी, साहित्य किती दिले, एका दिवसात किती माणसे टोचायची असे सांगितले कोणी, हे विचारल्याशिवाय खोट सापडली असे म्हणता येत नाही. म्हणून खोटीचा रकाना उघडा पाहिजे. तो बंद ठेवला, की कधी वरचा नाहक मरतो, कधी खालचा; आणि लोकांचा विश्वास मात्र दोन्ही वेळा मरतो. लसीविषयी आजही गावोगाव कुजबूज चालते. ती थांबवायची असेल, तर 'सगळे उत्तम आहे' असे सांगून भागत नाही. कोठे चुकले होते, कसे सापडले, कसे सुधारले, हे सांगितले की माणूस विश्वास ठेवतो.

चौथा रकाना परतफेडीचा, आणि आमच्या दृष्टीने हाच मुख्य. येथे आमच्याच कामातला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गाडीतळावर पाहणी करणारी मंडळी आली. शिकलेली, गोड बोलणारी मुले-मुली. त्यांनी कोपीकोपीतून बायकांची वजने घेतली, बोटाला सुई टोचून रक्त घेतले, दोन-दोन तास प्रश्न विचारले. उचल किती, कोयते किती, बाळंतपणे किती. पुढच्या हंगामात बीडकडच्या टोळीतल्या एक वयस्क बाई आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, माजं रगात नेलं, वजन केलं, समदं लिहून नेलं. पर मला काय झालंय, ते कुनी सांगितलंच न्हाई की." आम्ही म्हणालो, "मावशी, विचारून सांगतो." विचारायला वर्ष लागले. शेवटी टपालाने एक इंग्रजी पुस्तिका आली. तिच्यात एका कोष्टकात किती बायकांना रक्तक्षय आहे, याचा आकडा होता. आम्ही शब्दकोश घेऊन तो वाचला, मराठीत उतरवला आणि तळावर जाऊन कंदिलापुढे वाचून दाखवला. बायकांनी मन लावून ऐकले, आपसांत बोलल्या, दुसऱ्या दिवशी पाचसात जणी गोळ्या मागायला दवाखान्यात गेल्या. मावशींची टोळी त्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेली होती. त्यांच्यापर्यंत त्यांचे उत्तर पोहोचले नाही.

त्या मंडळींचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे कामही नीटनेटके होते. पण ज्याच्या अंगातून माहिती काढली, त्याला तिचा हिशेब द्यायचा असतो, हे त्यांच्या वेळापत्रकात बसलेले नव्हते. आणि न दिलेल्या उत्तराची किंमत मोठी असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. गडचिरोलीच्या दोन गावांत बायकांच्या दुखण्याला शास्त्राने कान दिला, त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. ते ज्ञान लंडनच्या नियतकालिकापर्यंत पोहोचले, पण गाडीतळावरच्या कोपीत पोहोचले नाही. तेथे पोहोचला तो पिशवी काढून टाका म्हणणारा सल्ला. ज्ञान परत आले नाही, की त्याच्या जागी भीती येते आणि भीतीचा व्यापार करणारेही येतात.

याउलट उदाहरण हवे असेल तर २००१ सालचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल घ्या. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून बालमृत्यूंची नोंद केली. खरे मृत्यू सरकारी नोंदींपेक्षा किती तरी अधिक असल्याचे निघाले. विषय शास्त्रीय, पद्धत शास्त्रीय, पण अहवाल मराठीत आणि नाव असे, की झाड पाहिलेल्या कोणालाही कळावे. त्यामुळे तो प्रयोगशाळेत न राहता वर्तमानपत्रांत, सभांत आणि विधिमंडळापर्यंत गेला. आपल्या भाषेत सांगितलेल्या हकीकतीला पाय फुटतात, ते असे.

आता एक शंका रास्त आहे. असे हकीकती सांगण्याचे पेव फुटले, तर शास्त्रज्ञ नाटकी होणार नाहीत काय? स्वतःचीच आरती ओवाळणार नाहीत काय? भीती खोटी नाही. हृदय हेलावणारी गोष्ट सांगून भलतेच औषध विकणारे बाजारात थोडे नाहीत. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा निबंधातच शोधायचा, आणि तो इतरांनी पडताळायचा. पण हकीकत आणि जाहिरात यांतला फरक ओळखणे फार कठीण नाही. जाहिरातीत नायक एकच असतो. हकीकतीत दाई असते, फिटर असतो. जाहिरातीत सगळे पहिल्याच खेपेस जमते. हकीकतीत सिकल सेलसारखा उलटा धडाही असतो. जाहिरातीनंतर विकत घ्यायचे असते. हकीकतीनंतर प्रश्न विचारायचे असतात. या तीन खुणा ध्यानात ठेवल्या, तर सहसा फसगत होत नाही.

मग आपण काय करावे? मोठमोठे ठराव करण्याची आमची इच्छा नाही. तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, कोणीही पाहणीचे कागद घेऊन गावात, तळावर किंवा कारखान्यात आले, तर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी विचारावे, "याचे उत्तर आम्हांला कधी आणि कोणत्या भाषेत सांगाल?" तारीख घ्यावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. आमच्या संघटनेने अशी वही सुरू केली आहे. ग्रामपंचायतीने आणि शाळेनेही ठेवावी. दुसरी, या व्याख्यानमालेत दर वर्षी एक दिवस अशा संशोधकासाठी राखावा, ज्याचे काम त्या वर्षी प्रसिद्ध झाले आहे. सोलापूरला डाळिंबाचे संशोधन केंद्र आहे, कोरडवाहू शेतीचे केंद्र आहे, पाडेगाव आपल्यापासून फार दूर नाही. त्यांना निमंत्रण द्यावे आणि निष्कर्षाबरोबर वाटही सांगा, असे म्हणावे. तिसरी, खोडदजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी सामान्य माणसांना आत जाता येते, खेड्यातली शाळकरी मुले तेथे शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. आपल्या मुलांना एकदा तरी तेथे न्यावे. आकाशातल्या गोष्टीविषयी ज्या मुलाने न भिता प्रश्न विचारला, ते उद्या वजनकाट्यापुढे मान खाली घालून उभे राहणार नाही.

संशोधकांनाही दोन शब्द. तुमचे काम आम्हांला कळणार नाही, असे धरून चालू नका. ज्याने उभे आयुष्य टनाचा, उताऱ्याचा आणि उचलीचा हिशेब केला, त्याला शेकडेवारी कळते. ज्या बाईने मण्यांवर श्वास मोजले, तिला प्रयोग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तुमच्या पगारात, तुमच्या यंत्रांत, तुमच्या शिष्यवृत्तीत येथल्या उसाचा आणि घामाचा अंश आहे. त्या बदल्यात आम्ही तुमच्याकडून चमत्कार मागत नाही. काय विचारलेत, कोणाला बरोबर घेतलेत, कोठे चुकलात आणि काय हाती लागले, एवढे आमच्या भाषेत, आमच्यासमोर बसून सांगा. यश आले नसेल तरी सांगा. आम्ही दुष्काळ पाहिलेली माणसे आहोत, न उगवलेल्या पेरणीची हकीकत आम्हांला समजते.

 आता चालकांच्या परवानगीने प्रश्नांना सुरुवात व्हावी. आमचे म्हणणे कोणाला पटले नसेल, तर त्याने सर्वांत आधी उठावे.